परक्या वाड्यातील दवंडी

उद्या नळाला पाणी येणार की नाही, ही वार्ता वागळे इस्टेटला लागून असलेल्या किसननगरातील रहिवाशास आज कोठे मिळते? सूचनाफलकावर क्वचित, बहुधा मोबाईलवर. महापालिका, पोलीस, वीज कंपनी या सर्वांनी आपली दवंडी 'एक्स', 'फेसबुक' आणि 'व्हॉट्सअ‍ॅप' यांच्या वाड्यांत नेऊन ठेवली आहे. वाडे प्रशस्त आहेत, गर्दीही तेथेच असते. परंतु दिंडीदरवाजाची किल्ली मालकाच्या कनवटीस आहे. २०२३ पासून 'एक्स'वर खाते नसलेल्यास ताज्या सूचना क्रमाने वाचावयास मिळत नाहीत. घरपट्टी भरणाऱ्याने आपल्याच नगराची सूचना वाचण्यासाठी प्रथम एका परदेशी कंपनीचे सभासद व्हावे, हा कोठला न्याय?

मालक स्वदेशी असावा, असे काही सुचवितात. तोही प्रयोग झाला. २०२१ मध्ये केंद्रातील मंत्री व खाती मोठ्या उत्साहाने 'कू'वर गेली. जुलै २०२४ मध्ये 'कू'च बंद पडले! प्रश्न मालकाच्या देशाचा नव्हे, मालक एकच असण्याचा आहे.

'मॅस्टोडॉन'सारख्या जाळ्यात प्रत्येक संस्थेस स्वतःचा सर्व्हर ठेवता येतो. २०१८ साली प्रमाण ठरलेल्या 'अ‍ॅक्टिव्हिटीपब' या खुल्या संकेतामुळे एका सर्व्हरवरील मजकूर दुसऱ्यावरील माणसास मिळतो. ई-मेलचे चालते तसेच. नेदरलँड्सच्या सरकारने २०२३ मध्ये असा सर्व्हर उभारला. युरोपीय संघाचा २०२२ मधील प्रयोग मात्र, तो पुढे चालविणारे कोणी न मिळाल्याने, २०२४ मध्ये थांबला. माणसे व पैसा लागतो, हे आम्ही लपवीत नाही. आज तेथे वाचकही थोडेच आहेत.

आपल्या राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर देण्यासाठी 'मेटा'शी करार केला. त्यात सोय आहे, हे मान्य. तथापि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने आपली पहिली वसाहत याच वागळे इस्टेटीत वसविली, तेव्हा रस्ते व पाणी सार्वजनिक ठेवले आणि कारखाने ज्याचे त्यास दिले. कोणा कारखानदारास रस्त्यावर फाटक बसवू दिले नाही. तीच दृष्टी आता का नसावी?

ठाणे महानगरपालिकेने येत्या अंदाजपत्रकात स्वतःच्या सर्व्हरसाठी व तो सांभाळणाऱ्या दोन-चार माणसांसाठी तरतूद करावी. पाण्याची, पुराची, रस्ता बंद असल्याची प्रत्येक सूचना प्रथम तेथे, मराठीत आणि विनाखाते वाचता येईल अशी द्यावी. मग ती खुशाल परक्या वाड्यांतही वाचून दाखवावी.