खोलीखोलीत स्पीकर, की दिवाणखान्यात एकच जोडी?

या वेळचा प्रश्न असा: आजोबांचा अँप्लिफायर आणि लाकडी स्पीकरची जोडी काढून घरभर वायरलेस स्पीकर लावावेत का?

वायरलेसची गंमत खरीच आहे. स्वयंपाकघर, देवघर, गच्ची, सगळीकडे एकच गाणं एकाच क्षणी वाजतं. प्रत्येक स्पीकर गाण्याचा पुढचा भाग आधीच साठवतो आणि सगळे आपापली घड्याळं जुळवून वाजतात. पण हे सगळं वायफायवर अवलंबून. इंदरगंजात तुमचं घर जुनं, जाड भिंतींचं असेल, तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दोन भिंतींतच दमतं, २.४ चं थोडं पुढे जातं. म्हणून खरेदीआधी फोन घेऊन प्रत्येक खोलीत सिग्नल बघा.

दुसरा मुद्दा आयुष्याचा. साध्या स्पीकरमध्ये चुंबक, तारेचं वेटोळं आणि कागदाचा कोन, एवढंच. कडेचा फोम गेला तर बदलता येतो. वायरलेस स्पीकर मात्र सॉफ्टवेअरवर जगतो. गूगलने २०१९ मध्ये क्रोमकास्ट ऑडिओ बंद केला, सोनोसने मे २०२० पासून काही जुन्या मॉडेलना नवे अपडेट देणं थांबवलं. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो: आजचं अ‍ॅप वीस वर्षांनी चालेल असं धरून पैसे घालू नका.

तिसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. पं. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं ते याच ग्वाल्हेरात. आपल्याकडे घरगुती बैठकीची किंवा आजीच्या आवाजातली एखादी कॅसेट कपाटात असेल, तर ती कुठल्याही अ‍ॅपवर मिळणार नाही. डेक भंगारात गेला, की ती कॅसेट मुकी झाली.

तेव्हा माझा सल्ला: दिवाणखान्यातली जोडी ठेवा. तिला स्ट्रीमिंगचा छोटा डबा जोडा. तो जुना झाला तर तेवढाच बदलता येईल. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण जमवा, ख्याल ऐकताना फरक कळेल. स्वयंपाकघरात एक वायरलेस स्पीकर पुरे.

आणि या सुट्टीत डेकची वायर लॅपटॉपला जोडून त्या कॅसेट उतरवून घ्या. कोणाचा आवाज कुठला, हे सांगणारी माणसं घरात आहेत तोवर.