डावखुरं आहे म्हणून कौतुक नको

आठ महिन्यांचं बाळ खुळखुळा घ्यायला दर वेळी डावाच हात पुढे करतं. "आजोबांवर गेलंय हो, डावखुरं!" म्हणून घरात कौतुक सुरू होतं. पण मैत्रिणींनो, पहिल्या वर्षात बाळ दोन्ही हात सारखेच वापरतं. एवढ्या लवकर एकच हात पुढे येत असेल, तर दुसऱ्याकडे नीट बघा. मूठ सतत आवळलेली, अंगठा आत दुमडलेला, झबलं घालताना हात ताठ लागतो? पुढे त्याच बाजूचा पाय रांगताना ओढला जातो, चालताना टाच टेकत नाही.

याला डॉक्टर हेमिप्लेजिया म्हणतात, सेरेब्रल पाल्सीचा एक प्रकार. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की उजवी बाजू अधू होते, उजव्या भागाला झाली की डावी. अडलेल्या बाळंतपणात बाळ गुदमरलं तर मेंदूला इजा होऊ शकते, हे खरंच. पण एकाच बाजूचं अधूपण पुष्कळदा मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यानं किंवा रक्तस्राव झाल्यानं येतं, तेही कधी कधी बाळ पोटात असतानाच. (जन्मताना खांदा अडकून मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या तर फक्त हात लुळा पडतो. ते दुखणं वेगळं, उपचारही वेगळे.)

आणि आपल्याकडे काय म्हणतात? ग्रहणात भाजी चिरली असेल, जड उचललं असेल! गावोगावी फिरताना अशा आया भेटतात. मान खाली घालून बसलेल्या. त्यांना बोल लावण्यात वर्ष जातं आणि नेमकं तेच वर्ष मोलाचं असतं, कारण लहान वयात मेंदू नवं लवकर शिकतो. झालेली इजा भरून येत नाही, पण ती वाढतही नाही. यातली बहुतेक मुलं चालायला लागतात. काहींना मात्र फिट्स येतात, तिकडे लक्ष हवं.

नुसत्या मालिशनं हात सुधारत नाही, तो वापरावा लागतो. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं चांगल्या हातात रोज थोडा वेळ मोजा घालून अधू हाताला कामाला लावतात. मूल मोठं झालं की शेंगा सोलणं, लाटणं फिरवणं अशी दोन हातांची कामं द्यावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून २०१३ पासून अंगणवाडीत मुलांची मोफत तपासणी होते. शंका आली तर जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसी केंद्रात पाठवतात. पथक यायची वाट बघू नका, आशाताईंना आजच विचारा.

आणि एक. हे व्यायाम रोजचे, कित्येक वर्षांचे. सगळे आईच्याच गळ्यात का? केंद्रात जाताना बाळाच्या बाबांनाही न्या. थेरपिस्ट शिकवतील ते त्यांनाही तिथेच करून बघू द्या.