धूर कुणाच्या नावावर?



वनहक्काच्या अपिलासाठी आम्ही बेलापूरला कोकण भवनात जातो, तेव्हा नवी मुंबईच्या काचेच्या इमारती बघतो. भर दुपारी दिवे चालू. ही वीज बहुतेक कोळशाची. महाराष्ट्रात कोळसा चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरकडे निघतो. तिथं जमिनीखाली कोळसा आणि वर जंगल, शेती, आपल्यासारखीच माणसं.

18 जून 2020 ला, कोरोनाच्या दिवसांत, पंतप्रधानांनी 41 कोळसा खाणींचा लिलाव सुरू केला. भारत जगातला सगळ्यात मोठा कोळसा निर्यातदार का होऊ नये, असं ते म्हणाले. खाण घेणाऱ्याने कोळसा कुठंही विकावा, परदेशातसुद्धा. त्या यादीत चंद्रपूर जिल्ह्यातली, ताडोबाजवळची बंदर खाण होती. वाघांच्या येण्याजाण्याची वाट तिथून जाते म्हणून ओरड झाली, राज्य सरकारनेही विरोध केला, आणि ती खाण यादीतून निघाली. चांगलंच झालं. पण जिथं वाघ नाही, नुसती माणसं आहेत, तिथं काय?

जगाच्या हिशेबात धूर जाळणाऱ्या देशाच्या नावावर पडतो. खणून विकणारा देश मोकळा. ऑस्ट्रेलियासारखे देश असेच हात झटकतात. आता आपणही तेच करायचं का?

हा हिशेब आमच्या कातकरी म्हाताऱ्यांना विचारा. ठेकेदाराकडून उचल घ्यायची, कुटुंबासकट रानात जाऊन कोळशाच्या भट्ट्या लावायच्या. कोळसा जळायचा शहरात. जंगल तोडल्याचा डाग मात्र कातकऱ्यावर. ठेकेदारावर नाही, शहरावर नाही. म्हणजे गरिबाने तोडलं तर तोडणारा गुन्हेगार, आणि देशाने खणून विकलं तर विकणारा निर्दोष! हा कुठला न्याय?

सरकार म्हणतं, आपला दरडोई धूर कमी आहे, श्रीमंत देशांनी आधी जाळलं. हे खरंच आहे. पण ती सरासरी कमी दिसते आमच्यासारख्यांमुळे, ज्यांच्या घरात एक बल्ब, तोही कधीमधी. आमची गरिबी पुढं करून खाणी उघडायच्या आणि नफा दुसऱ्याने न्यायचा. देशाच्या दिव्यासाठी खणतो म्हणाल, तर निदान बोलता येईल. परदेशाला विकायला गाव उठवायचं, ही कुणाची गरज?

ओडिशात नियमगिरीला 2013 साली 12 ग्रामसभांना विचारलं. बाराच्या बारा 'नाही' म्हणाल्या, आणि बॉक्साइटची खाण थांबली. विचारलं म्हणून थांबली.

आपल्याकडे कोळसा नाही, दगड आहे. उलव्याची टेकडी विमानतळासाठी सपाट झालेली आपण डोळ्यांनी पाहिली. म्हणून चंद्रपूरचा प्रश्न लांबचा समजू नका. येत्या ग्रामसभेत प्रत्येक वाडीने ठराव लिहून घ्यावा: ग्रामसभेला विचारल्याशिवाय डोंगर खणायचा नाही, आणि जो खणेल, जो विकेल, जो जाळेल, त्या तिघांच्याही नावावर धूर लिहा. ठरावावर सह्या-अंगठे घ्या, एक प्रत आपल्याजवळ ठेवा.