भट्टी विझली, तर आधी कॉक बंद करा



पूर्वी आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात मांडवातला स्वयंपाक लाकडाच्या नि पऱ्हाटीच्या चुलीवर होत असे. आता संत्र्याच्या तोडाईला आलेल्या मजुरांचा चहा असो की लग्नाची पंगत, अंगणात गॅसची भट्टी पेटते. धूर गेला, बायकांच्या डोळ्यांना आराम पडला. पण भट्टी पेटते नि विझते, ही तक्रार घरोघरी आहे. दोष मात्र सिलिंडरला दिला जातो: "गॅस कमी भरला असेल." माझ्या मते बहुतेक वेळा दोष वाऱ्याचा आणि आपल्या आळसाचा असतो.

वाऱ्यासाठी तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करावा. तट्ट्याचा किंवा पऱ्हाटीचा करू नये. सिलिंडर आडोशाच्या बाहेर, नळी पुरेल तितके दूर आणि उभेच ठेवावे.

भट्टी वर्षातून दोन-तीनदा निघते, एरवी कोठ्यात पडून असते. तिच्या नळकांड्यात कोळी जाळे करतो, कुंभारीण माशी माती भरते. मग गॅसला हवा मिळत नाही. ज्योत पिवळी होते, भांडे काळे पडते. म्हणून पेटवण्याआधी नळकांडे ब्रशने साफ करावे, नोझल फुंकून घ्यावे. तार घालून छिद्र मोठे करू नये. उलट हवा जास्त झाली, तर ज्योत बर्नर सोडून उडते नि विझते. हवेची चकती थोडी थोडी फिरवून ज्योत निळी नि स्थिर करावी.

पौष-माघाच्या थंडीत मोठी ज्योत बराच वेळ चालली, की सिलिंडर गार पडते आणि आतला दाब उतरतो. अशा वेळी ज्योत लहान करावी. काही लोक सिलिंडर आडवे पाडतात, कोणी खाली निखारे सारतात. हा जिवाशी खेळ आहे. आडव्या सिलिंडरमधून पातळ गॅस नळीत येतो आणि मोठा भडका होतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे विझल्याबरोबर काडी ओढणे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत, खड्ड्यात, आडोशात साचतो. आधी कॉक बंद करा, पाच मिनिटे थांबा. वास गेला की काडी आधी, कॉक नंतर. वास जातच नसेल, तर रेग्युलेटर बंद करून, माणसे दूर नेऊन १९०६ क्रमांकावर कळवा. कोणी भाजलेच, तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी धरा. शाई, टूथपेस्ट लावू नका आणि दवाखाना गाठा.

भट्टीपाशी उभी राहते बाई, आणि कॉक-चकतीची माहिती असते पुरुषाला. हे बदलले पाहिजे. घरातल्या प्रत्येक बाईने आणि कळत्या पोराने ती साफ करायला नि बंद करायला शिकावे. पंगत अर्धा तास उशिरा बसली, तर कोणाचे बिघडत नाही. भाजलेला हात मात्र ऐन तोडाईत त्या घराला बसवून ठेवतो.