जे यंत्राला ठाऊक, ते माणसाला का विचारावे?

लिनक्स म्हटले की बहुतेकांना उबुंटू आठवते. तयार पॅकेज उतरवा, बसवा, वापरा. जेंटूची रीत वेगळी. येथे प्रोग्रामचा मूळ सोर्स कोड आपल्या घरी येतो आणि आपल्याच संगणकावर त्याचा प्रोग्राम तयार होतो. दुकानातला तयार सदरा आणि शिंप्याकडे माप देऊन शिवलेला सदरा, असा हा फरक. डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या या प्रणालीची १.० आवृत्ती २००२ मध्ये आली.

पण शिंपी निदान फीत स्वतः लावतो. जेंटू मात्र ग्राहकालाच विचारत असे, "सांगा, खांदा किती?"

प्रोसेसरचेच पाहा. एसएसई, एव्हीएक्स या प्रोसेसरच्या खास सूचना. चित्रफिती, आवाज, छायाचित्रे यांचे काम त्या भरभर उरकतात. पूर्वी या सूचना 'यूज फ्लॅग' नावाच्या एकाच मोठ्या यादीत होत्या. त्याच यादीत छपाईची सोय हवी का, ब्लूटूथ हवे का, हेही प्रश्न. वाचकहो, हे दोन्ही प्रश्न एका जातीचे नाहीत. ब्लूटूथ हवे की नको हे घरच्यांनी ठरवायचे. प्रोसेसरला एव्हीएक्स येते की नाही, यात कोणाची पसंती विचारण्यासारखे आहेच काय?

बरे, शोधायला जावे तर तेथेही गंमत. लिनक्स प्रोसेसरची माहिती दाखवतो, पण एसएसई ३ त्यात 'पीएनआय' या नावाने नोंदलेली असते. नवख्या मुलाने ते ओळखावे कसे? तो मग मित्राची यादी जशीच्या तशी उतरवून घेतो. त्यात आपल्या प्रोसेसरला न येणारी एखादी सूचना असली, तर तासन्‌तास खपून तयार झालेला प्रोग्राम मध्येच 'अवैध सूचना' असे सांगून बंद पडतो. वेळ गेला, वीजही गेली.

२०१५ मध्ये जेंटूने या सूचना त्या यादीतून काढून 'सीपीयू फ्लॅग्ज' असा वेगळा गट केला. आज 'सीपीयूआयडी-टू-सीपीयूफ्लॅग्ज' नावाचे छोटे साधन स्वतः प्रोसेसरला विचारते आणि एक तयार ओळ छापून देते. ती सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवली की झाले. ती ओळ गुपचूप लागू होत नाही, आपल्याला दाखवली जाते, हे मला विशेष आवडते. कारण प्रोग्राम एका संगणकावर बांधून दुसऱ्यावर वापरणारेही असतात. त्यांच्यासाठी बांधणाऱ्या यंत्राचे माप उपयोगाचे नाही.

ग्राफिक्स कार्डाबाबत मात्र काम अर्धेच झाले आहे, असे म्हणावे लागते. 'व्हिडिओ कार्ड्स' या सेटिंगमध्ये नाव आपणच लिहायचे. इंटेल असेल तर बहुधा सोपे. एएमडीच्या नव्या कार्डाला 'एएमडीजीपीयू' आणि 'रेडिऑनएसआय' अशी दोन्ही नावे लागतात, जुन्याला वेगळीच. कार्ड कोणते हे 'एलएसपीसीआय' ही आज्ञा सांगते, पण तिचे उत्तर आणि सेटिंगमधले नाव यांचा मेळ माणसालाच घालावा लागतो. येथेही तयार ओळ सुचवायला काय हरकत आहे?

सर्वांत मोठे ओझे कर्नलचे. त्यात हजारो पर्याय. डिस्कचा एक चुकला तर संगणक सुरूच होत नाही. २०२० पासून बहुतेक यंत्रांवर चालेल असा तयार जुळवणीचा कर्नल जेंटूच देते. ज्याला शिकायचे आहे त्याने हाताने जुळवावा, जरूर जुळवावा, पण घरातल्या एकुलत्या एक संगणकावर नव्हे. धाकट्या बहिणीचा अभ्यासही त्यावरच असतो.

घरी ४ जीबी मेमरीचा जुना संगणक असेल तर एकावेळी दोनच कामे चालवा. प्रत्येक कामाला साधारण २ जीबी धरायची. शिवाय २०२३ च्या डिसेंबरपासून जेंटूवर तयार बांधलेली पॅकेजेही मोठ्या प्रमाणात मिळतात. आपल्या सेटिंगशी जुळतील ती उतरवून घ्या. ब्राउझरसारखी अवजड पॅकेजे तर आधी तेथेच शोधा. उरलेली रात्री बांधायला लावा आणि लॅपटॉप असेल तर तो गादीवर ठेवू नका, फार तापतो.