सिकलसेल आणि खानदेशची वैद्यकीय महाविद्यालये

रक्ताच्या कर्करोगावरील उपचारासाठी म्हणून डॉक्टरांच्या हाती आलेले हायड्रॉक्सीयुरिया हे अल्पमोली औषध, आईबापांकडून मुलांच्या रक्तात उतरणाऱ्या सिकलसेल या व्याधीतही वेदनेचे झटके निम्म्याच्या आसपास उणे करते, असे अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत परीक्षणातून सिद्ध झाले व १९९८ साली तेथे या वापरास सरकारी मंजुरीही मिळाली. एका रोगासाठी केलेल्या संशोधनाचे फळ दुसऱ्या रोगाच्या पदरात पडावे, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात अपूर्व नाही. परंतु खानदेशच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे, की या व्याधीचे ठाणे आपल्याच मुलखात, शिरपूर, चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्याच्या पाड्यांत, साक्रीच्या पश्चिम पट्टीत आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच मोडणाऱ्या नंदुरबारात, पावरा, भिल्ल इत्यादी आदिवासी समाजांत पिढ्यानपिढ्या कायम आहे.

रोगाचे मूळ अत्यंत सूक्ष्म आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, आणि एवढ्याशा बदलाने तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय सुजून रात्ररात्र रडणारे मूल, वारंवार होणारी कावीळ, वाढलेली पाणथरी, शाळेतील हजेरी तुटत गेलेली मुलगी आणि बाळंतपणात जिवावर बेतलेली सून, अशा रूपांनी ती व्याधी घरात प्रकट होते. हा दोष एकाच पालकाकडून मिळालेल्या अशा दोन वाहकांचा विवाह झाला, तर दर गर्भधारणेत बालक रुग्ण निपजण्याचा संभव शेकडा २५ असतो. वाहक मात्र स्वतः बहुधा निरोगी असतो, इतकेच नव्हे तर घातक हिवतापापासून त्यास काही संरक्षणही मिळते, हे संशोधक अॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले; हिवतापाच्या जंगलांत हा दोष शतकानुशतके का टिकला, याचे उत्तर त्यातच आहे. म्हणून ‘वाईट रक्त’ म्हणून ज्यांना हिणवले जाते, त्यांच्या पूर्वजांना तेच रक्त एके काळी तारक झाले होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवले गेले पाहिजे.

आता प्रश्न असा, की हायड्रॉक्सीयुरिया आपल्या रुग्णांना किती व केव्हा द्यावे? अमेरिकेतील परीक्षणात दर किलो वजनास १५ मिलिग्रॅमपासून आरंभ करून मात्रा वाढवीत नेली होती. परंतु भारतातील आदिवासींमध्ये आढळणारा सिकलसेलचा वंशप्रकार आफ्रिकेतील प्रकारांहून निराळा असून, आपल्या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही अधिक प्रमाणात टिकून राहते, आणि तेच हिमोग्लोबिन वाढवणे हे या औषधाचे मुख्य कार्य आहे. ओडिशातील बुर्ला येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी नेमका हाच धागा पकडला आणि किलोस १० मिलिग्रॅम एवढी अल्प मात्राही त्यांच्या रुग्णांना पुरेशी गुणकारी ठरते, असे २०१२ साली प्रसिद्ध केले. बुर्ला ही काही राजधानी नव्हे. संबळपूरजवळचे ते एक लहानसे गाव आहे. त्याच्याही पुष्कळ आधी, १९५८ साली, मध्य भारतातील सिकलसेलची नोंद शुक्ल व सोळंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केली होती, आणि रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंचा छडा लावून, रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यावर उपयोगात आणले, हे तर महाराष्ट्राला माहीतच आहे.

ही उदाहरणे आम्ही मुद्दाम देत आहोत. संशोधन हे मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे काम, आपले काम रुग्ण तपासण्याचे व परीक्षा घेण्याचे, अशी एक समजूत जिल्ह्याच्या ठिकाणी मूळ धरून बसली आहे. १९४१ साली सुरू झालेल्या त्या थोर संस्थेने मुंबईच्या आयआयटीबरोबर रुग्णाच्याच पेशींत जनुकीय फेरफार करून कर्करोगावर जो उपचार सिद्ध केला व ज्यास २०२३ मध्ये परवानगी मिळाली, त्याचा अभिमान आम्हांसही आहे. त्याच वर्षी सिकलसेलवरील जनुक-संपादनाच्या उपचारास ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिली. पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे, आणि ती ऐकून सातपुड्यातील बापाने काय करावे? त्याच्या मुलाचे आयुष्य वाढेल ते वेळीच निदान, पेनिसिलिन, लसी, आणि रक्ततपासणीच्या देखरेखीखाली नियमित दिलेले हायड्रॉक्सीयुरिया यांनीच.

धुळ्यात भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. जळगावात शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये उभे राहिले. शिवाय दोन्ही शहरांत खाजगी महाविद्यालयेही आहेत. पदव्युत्तर पदवीसाठी तेथील प्रत्येक विद्यार्थ्यास प्रबंध लिहावा लागतो, आणि तो बहुधा एकट्याने, तुटकपणे लिहिला जाऊन दप्तरात पडून राहतो. बालरोग, स्त्रीरोग, विकृतिशास्त्र व जनआरोग्य या विभागांनी मिळून एकच दीर्घ नोंदवही उघडली, आणि दरवर्षीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रबंधाने तिच्यात भर घातली, तर दहा वर्षांनी पावरा रुग्णास किती मात्रा पुरते, कोणत्या वयात झटके वाढतात, गरोदरपणी कोणता धोका अगोदर ओळखता येतो, या प्रश्नांची उत्तरे आपल्याच आकड्यांतून निघतील. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अशा सामायिक प्रबंधास मान्यता द्यावी. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जाहीर केली आणि ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. तपासणी ही सुरुवात होय, याविषयी वाद नाही. परंतु तपासणीच्या निकालाचे कार्ड हातात देऊन माणसाला परत पाड्यावर पाठवले आणि पुढे कोणी विचारपूस केली नाही, तर त्या कार्डाने केवळ भय वाढते, आणि भयापोटी मुलींची स्थळे मोडतात. शिवाय दिवाळीनंतर साक्री-नंदुरबारकडील कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. त्या चार-पाच महिन्यांत औषध खंडित होणार, हे गृहीत धरूनच योजना आखली पाहिजे, आणि सुरत-बारडोलीच्या इस्पितळांशी धुळ्याचा पत्रव्यवहार हंगाम सुरू होण्यापूर्वीच झाला पाहिजे.

राहता राहिली भाषा. वाहक म्हणजे रोगी नव्हे, ही समजूत शहरातून आलेल्या तरुण डॉक्टराने मराठीतून कितीही कळकळीने सांगितली, तरी पावरी बोलणाऱ्या आजीपर्यंत ती अर्धीच पोचते. पाड्यातीलच शिकलेल्या मुलामुलींना समुपदेशक म्हणून नेमावे, त्यांस अकरा महिन्यांच्या कंत्राटावर न ठेवता कायम पदे द्यावीत, आणि त्या पदांची तरतूद आदिवासी विकासाच्या निधीतून येत्या अंदाजपत्रकातच करावी, अशी आमची मागणी आहे.