शहाण्याने पायरी का चढू नये?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे बाळगुटीबरोबर पाजली जाते. मला या म्हणीचा मनस्वी राग आहे. ती प्रथम कोणी काढली ते ठाऊक नाही; परंतु व्यापारी पेठेत ती कोणाच्या तोंडी खुलते, ते मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. ज्याचे पैसे अडकले त्याच्या नव्हे. ज्याने अडकविले त्याच्या!

भागीदारीचेच पाहा. दोन मित्र पेढी काढतात. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. कागद करायचा का, असे कोणी विचारले तर दोघेही दुखावतात. दहा-पंधरा लक्ष्मीपूजने एकाच पाटावर होतात. मग एके वर्षी रोजमेळ आणि खतावणी एकाच्या घरी जाते ती परत येत नाही. दुसरा हिशेब मागतो. लगेच चार वडीलधारी मंडळी जमतात, चहा होतो, आणि “कोर्टात जाऊन कोणाचे भले झाले आहे?” हा प्रश्न विचारला जातो. या बैठका चालू असताना गिऱ्हाईक कोणाकडे वळते? उधारी कोण वसूल करतो? ज्याच्या कपाटात चोपड्या आहेत, त्याला उशीर हा तोटा नसून नफा आहे.

माझ्या माहितीच्या एका तेलगिरणीच्या भांडणात ही मंडळी मध्यस्थीत इतकी रंगली की, भागीदारी मोडल्याला तीन वर्षे उलटून गेली. मोडलेल्या भागीदारीच्या हिशेबाचा दावा लावण्याची मुदत, मोडल्या दिवसापासून, तीनच वर्षांची! शहाण्या माणसाने अखेर पायरी चढायचे ठरविले तेव्हा पायरीच उरली नव्हती. आता तो गृहस्थ दुसऱ्याच्या दुकानात वह्या लिहितो. मध्यस्थांपैकी एकाने त्यावर “त्याचे नशीब” असा निवाडा दिला.

कायदा निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याने नोंदणी नसलेल्या पेढीला बाहेरच्या माणसावर कराराच्या पैशाचा दावा लावण्याची बंदी केली. ती आजही आहे. निदान भागीदारांना आपसात हिशेब मागण्याची वाट मोकळी होती. आपल्या महाराष्ट्राने १९८४ साली दुरुस्ती करून तीही जवळजवळ बुजविली. ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरविण्यास सर्वोच्च न्यायालयाला २००९ साल उजाडावे लागले. मधल्या पंचवीस वर्षांत किती जणांचे भांडवल दुसऱ्याच्या घशात गेले असेल, त्याची गणती कोण ठेवणार?

आणि दावा लागला तरी तो लांबतो, हे मला मान्य आहे. समन्स, कैफियत, मुद्दे, साक्षी, उलटतपासणी. मग प्राथमिक हुकूमनामा, हिशेबासाठी कमिशनर, मग अंतिम हुकूमनामा. त्यापुढे दरखास्त. हिंदुस्थानात हुकूमनामा मिळाल्यावरच पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, अशा अर्थाचे बोल प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली काढले होते. दरखास्त सहा महिन्यांत निकालात काढावी असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्येही बजावावे लागले, यावरून काय ते समजावे.

पण हा उशीर सगळा न्यायाधीशांचाच काय? न्यायाधीश थोडे आणि दावे फार, हे खरे. तरी एखाद्या जुन्या दाव्याचा रोजनामा उघडून वाचा. प्रतिवादी गैरहजर. कागद दाखल नाहीत. वकील आजारी. तहकूब. जो व्यापारी स्वतःच्या दाव्यात ‘तारीख पे तारीख’ म्हणून कपाळ बडवतो, तोच दुसऱ्या दाव्यात प्रतिवादी असला की, वकिलाच्या कानात “साहेब, एक तारीख घ्या ना” म्हणून कुजबुजतो. एका पक्षाला तीनांहून अधिक तहकुब्या देऊ नयेत हा नियम २००२ पासून पुस्तकात आहे. तो वापरावा असा आग्रह धरणारे पक्षकार मला फार भेटलेले नाहीत.

२०१५ साली व्यापारी न्यायालयांचा कायदा आला. प्रथम तो एक कोटी व त्यावरच्या दाव्यांसाठी होता. २०१८ साली ही मर्यादा तीन लाखांवर आणली, म्हणजे पेठेतला मध्यम दुकानदारही त्यात बसला. तिथे १२० दिवसांत कैफियत दिली नाही तर ती देण्याचा हक्कच जातो, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने यात सूट नाही असे स्पष्ट केले. पहिल्याच अर्जात मनाईहुकूम मागता येतो, रिसीव्हर मागता येतो, चोपड्या कोर्टापुढे आणवता येतात. पण ते चोपड्या जागेवर आहेत तोवर! वर्षभर चहा पिऊन झाल्यावर कपाटात उंदरांनी कुरतडलेल्या वह्या निघतात. उंदीरही मोठे व्यवहारी. नेमकी शेवटच्या तीन वर्षांचीच पाने खातात.

तडजोडीला माझा विरोध नाही. या न्यायालयात तातडीचा हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. तेवढा काळ मुदतीत धरत नाहीत, आणि जमलेल्या लेखी तडजोडीला लवादाच्या निवाड्याचे बळ असते. प्रतिपक्ष आलाच नाही तर तशी नोंद होते आणि दाव्याची वाट मोकळी होते. वडीलधाऱ्यांना मध्यस्थीची एवढीच हौस असेल तर त्यांनी दोघा भागीदारांना हाताला धरून तिथे न्यावे. चहा तिथेही मिळत असावा.